दिवसा घळीत, रात्री वर: बेळगाव भागातला थंडीतला पहिला मुक्काम

दिवाळी सरली, शाळवाची ज्वारी गुडघ्याएवढी झाली की ओळखीतल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. "मामा, पावसाळ्यात गोकाकला जाऊन आलो. आता थंडीत घळीत उतरून एक रात्र राहायचं म्हणतोय. काय काय घेऊ?" त्यांना सामानाची यादी हवी असते. मी आधी एकच विचारतो, "झोपणार कुठं?" दहातले आठजण सांगतात, "खाली, पाण्याजवळ."

पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं. जानेवारी होता. मार्कंडेय नदीच्या घळीत, डोहाकाठच्या वाळूवर आम्ही पाचजणांनी तंबू लावले. संध्याकाळी सहा वाजता हवा इतकी छान की स्वेटर पिशवीतून काढायची गरज वाटली नाही. रात्री अकराला तंबूचं कापड आतून ओलं झालं. दोनच्या सुमारास माझ्या मावसभावाचे दात वाजायला लागले. थोड्या वेळानं त्याचे शब्द जड यायला लागले आणि बुटाची नाडी त्याला बांधता येईना. दुपारी पाण्यात भिजलेले मोजे तो तसेच पायात ठेवून झोपला होता. आम्ही त्याचे ओले कपडे काढले, कोरडे चढवले, त्याला दोघांच्या मध्ये घेतलं आणि गरम पाण्यात गूळ विरघळवून घोटघोट पाजलं. उजाडेपर्यंत कुणाचा डोळा लागला नाही. सकाळी वर चढून आलो, तर शेताच्या बांधाजवळ एक धनगर घोंगडी पांघरून निवांत झोपलेला. वर बाभळ होती. त्याच्या घोंगडीला हात लावून पाहिला, कोरडी ठणठणीत. आमच्यात आणि त्याच्यात उभं अंतर फार तर दोन-तीन ताडांचं होतं.

म्हणून नवख्यांना माझं सांगणं हेच: थंडीत घळ दिवसा चाला आणि झोपायला वर या. बाकीचं सगळं याच्या भोवती येतं.

थंडी खाली का साठते

हिवाळ्यात आपल्याकडं आभाळ निरभ्र असतं. सूर्य मावळला की जमीन आपली ऊब आभाळाकडं सोडून देते, तिला टेकलेली हवा गार होते. गार हवा जड. ती उतारावरून पाण्यासारखी ओघळत खाली येते आणि घळीत भरते. तिथं डोहाचा ओलावा असतोच, म्हणून दव आणि धुकंही तिथंच आधी धरतं. बेळगाव शहरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १३-१४ अंशांच्या आसपास असतो, एखाद्या रात्री १० च्या खाली जातो. घळीचा तळ त्याहून गार असू शकतो. साधा थर्मामीटर सोबत ठेवा, एकाच सुमाराला वर आणि खाली लावून बघा. तीन-चार अंशांचा फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की मग कुणी सांगायची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट सूर्याची. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडं भर दुपारी बारालाही सूर्य डोक्यावर नसतो. दक्षिणेकडं कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर. घळ पूर्व-पश्चिम वाहत असेल तर तिच्या दक्षिणेकडच्या कड्याच्या पायथ्याला दिवसभर ऊन लागत नाही, शेवाळ सुकत नाही, दगड हाताला बर्फासारखा लागतो. समोरच्या, उत्तरेकडच्या कड्याला मात्र चांगलं ऊन मिळतं. जेवायला, कपडे वाळवायला, पाय शेकायला तीच बाजू धरा.

कुठं जायचं

आपल्या भागात घळीला कानडीत कोळ्ळ म्हणतात, ओढ्याला हळ्ळ. गोकाकजवळचं योगीकोळ्ळ हे नाव त्यातूनच आलंय. वाट विचारताना हे दोन शब्द फार कामाला येतात.

पहिल्यांदाच जाणार असाल तर गोडचिनमलकी निवडा. मार्कंडेय नदी इथं दोन टप्प्यांत पडते, पहिली उडी सुमारे २५ मीटरची, मग खडकाळ दरीतून थोडं वाहून दुसरी सुमारे २० मीटरची. गावापासून धबधब्यापर्यंत दोन-अडीच किलोमीटर झाडीतली वाट आहे, नवख्याला झेपेल अशी. बेळगावहून मिरजेकडं जाणाऱ्या रेल्वेवर पाच्छापूर आणि गोकाक रोड ही स्टेशनं आहेत, पण तिथून पुढच्या गाडीची सोय आधी करून ठेवा.

गोकाकचा धबधबा त्याहून मोठा. घटप्रभा वाळूच्या दगडाच्या कड्यावरून ५२ मीटर खाली पडते, कड्याचा आकार घोड्याच्या नालासारखा. इथं १८८७ मध्येच पाण्यावर वीज तयार झाली असं सांगतात, देशातल्या अगदी सुरुवातीच्या वीजघरांपैकी हे एक. थंडीत पाणी कमी असतं, धबधब्याची धार बारीक होते. पाणी बघायला आलेल्यांची निराशा होते, पण खडकाचे थर, रांजणखळगे, कड्याची पूर्ण उंची दिसते ती याच दिवसांत. झुलता पूल खुला असेल तर त्यावरून बघा आणि फिरा. कड्याच्या ओठावर जाऊन फोटो काढायचा मोह आवरा. थरांचा दगड कडेला ठिसूळ होतो, वरून सपाट दिसतो आणि खाली पोकळी असते.

नविलतीर्थला मलप्रभा डोंगर कापून जाते, घळ सुरेख आहे, पण तिथं धरण आहे. दिवसा लांबून बघून या. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास तर त्या बाजूला जाऊच नका. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा असते, रस्ते बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि पायी माणसांनी भरलेले असतात आणि ती वाट त्या दिवसांत त्यांचीच असते.

खानापूरकडच्या दऱ्यांचं आकर्षण सगळ्यांना. कणकुंबी, जांबोटी, चोर्ला आणि भीमगड. पण भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. अस्वल, बिबट्या, गवा हे तिथले रहिवासी. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथं आत शिरायचं नाही आणि तंबू तर अजिबात टाकायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, परवानगी आणि वाटाड्या घेऊन जा.

आधी एकदा रिकाम्या हातानं जाऊन या

हे कुणी करत नाही आणि म्हणूनच मी ठासून सांगतो. मुक्कामाच्या आठवडाभर आधी एका दिवसासाठी जा. तीन गोष्टी बघायच्या.

ऊन कधी येतं आणि कधी जातं, ते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. घळीच्या तळाला मात्र ऊन पोचायला नऊ-साडेनऊ होतात आणि चारच्या आधीच सावली पडते. म्हणजे चालायला खरे तास सहाच.

झोपायची जागा. कड्यापासून निदान शंभर पावलं आत, थोड्या उंचवट्यावर, पण माथ्यावर नको कारण तिथं वारा झोडपतो. जुनी बाभळ किंवा चिंच असेल तर उत्तम, झाडाखाली दव कमी पडतं. वाळलेली फांदी डोक्यावर नाही ना, ते बघा. जागा बहुतेक कुणाच्या तरी शेतात येणार. मालकाला विचारल्याशिवाय पथारी टाकायची नाही. कानडी येत नसेल तर एवढं पाठ करा: "अण्णा, इल्लि मलगबहुदा?" इथं झोपलं तर चालेल का, असा अर्थ. उच्चार चुकला तरी अण्णा हसून होय म्हणतात आणि बऱ्याचदा पुढचं बोलणं मराठीतच होतं. सीमेवरची माणसं दोन्ही भाषा कोळून प्यालेली आहेत.

आणि तिसरं, पाणी कधी सुटतं. घटप्रभेवर वर हिडकल धरण आहे, मार्कंडेयवर शिरूरचं. शेतीसाठी हिवाळ्यातही पाणी सोडतात. आभाळात ढगाचा ठिपका नसताना नदी तासाभरात चढते, आणि नवख्याच्या मनात हे येतच नाही. गावातल्या दोघा-तिघांना विचारा: "नीर यावाग बिडतार?" पाणी केव्हा सोडतात, एवढंच. मासे धरणाऱ्यांना हे सगळ्यांत नेमकं ठाऊक असतं. चालताना पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत यायला लागला, दगडावरची ओली रेघ पाण्याखाली गेली, तर वस्तू सोडा आणि वर चढा.

अंगावर काय, पाठीवर काय

जीन्स घालून येऊ नका. एकदा भिजली की घळीत ती संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि ओलं सुती कापड अंगातली ऊब शोषत राहतं. चालताना पातळ, लवकर वाळणारी पँट आणि टी-शर्ट, थांबलं की वर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, वारा लागला की त्यावर विंडचीटर. पावसाळ्यातला रेनकोटही वारा अडवतो. घाम फुटायच्या आधी एक कपडा काढायचा, कुडकुडायच्या आधी एक चढवायचा. एवढं जमलं तरी अर्धी लढाई जिंकली.

रात्रीचे कपडे वेगळे ठेवा. एक बनियन, एक पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, पायजमा, लोकरी मोजे आणि कानटोपी, हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. दिवसा काहीही झालं, नदीत पडलात तरी, ही पिशवी उघडायची नाही. माझ्या मावसभावाजवळ त्या रात्री कोरड्या मोज्यांचा एक जोड असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पांघरुणाचं सांगतो. स्लीपिंग बॅग घेणार असाल तर तिच्यावर दोन आकडे असतात. एक आरामात झोप लागेल त्याचा, दुसरा कशीबशी रात्र निघेल त्याचा. विकणारा दुसरा सांगतो, तुम्ही पहिला बघा. आपल्याकडं ५ अंशांची पुरते. नसेल तर खर्च करू नका. घरची वाकळ आणि एक घोंगडी चालते. मात्र खालच्या अंथरुणात कंजुषी करू नका, कारण अंग सगळ्यांत जास्त गार पडतं ते जमिनीमुळं. पांघरूण कितीही जाड असलं तरी अंगाखाली दबलेला भाग चपटा होतो आणि ऊब धरत नाही. फोमची मॅट हवीच. तिच्याखाली शेतकऱ्यानं दिला तर कडब्याचा थर, खानापूरकडं भाताचं पिंजर. सकाळी ते होतं तिथं परत रचून ठेवायचं.

बाकीचं भराभर: डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाला एक, जादा सेल, शिट्टी, काडेपेटी दोन ठिकाणी, क्रेप बँडेज, रोजच्या गोळ्या, पन्नास फूट दोरी, थर्मॉस. बूट जुने, सवयीचे, तळव्याला नक्षी असलेले. पाणी माणशी चार लिटर घरून. मार्कंडेय कंग्राळी, काकतीच्या अंगानं, शहराची कड घासून येते. तिचं पाणी हात-पाय धुवायला ठीक, प्यायला नको. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पिण्याची चूक होते. लघवी गडद पिवळी झाली की समजा, उशीर झालाय.

खायला

इथं आपलं नशीब चांगलं आहे. दोन दिवस टिकणारी ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, गूळ. आणि गोकाकचं करदंट. डिंक, सुकं खोबरं, गूळ, सुकामेवा असं सगळं त्यात असतं, थंडीत जडही वाटत नाही. लाडवाएवढे दोन तुकडे खिशात ठेवा. झोपायच्या आधी एक खायचा. पोटात पचणारं काही असलं की अंग रात्रभर गरम राहतं. उपाशीपोटी झोपलेला माणूस पहाटे चारला हमखास कुडकुडतो.

दारूनं ऊब येते हा समज काढून टाका. त्वचेकडं रक्त धावल्यामुळं गरम वाटतं आणि आतली ऊब त्याच वाटेनं निघून जाते.

घळीतला दिवस

साडेनऊच्या आधी तळाला उतरू नका. दवानं भिजलेला खडक वाळू द्या. उतरताना पुढं एक जाणता, मागं एक जाणता, मध्ये नवखे. काळपट-हिरवा दगड दिसला की पाय टाकू नका, पांढरट कोरड्या दगडावर टाका. हात कपारीत घालण्याआधी डोकावून बघा. तापलेल्या दगडांच्या फटीत फुरसं असतं, आणि घोणस तर थंडीच्याच दिवसांत जास्त फिरते. कुरकुरणारा आवाज किंवा कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला तर जागीच थांबा आणि आवाज कुठून येतोय ते बघून मागं सरका.

कड्यांवर वर बघायची सवय लावा. पोळ्यांचे काळे अर्धगोल लोंबताना दिसले तर ती आग्यामाशी. तिच्याखाली धूर नको, सेंट नको, आरडाओरडा नको, दगड फेकणं तर नकोच. घळीत शेकोटी न पेटवण्याचं हे मोठं कारण आहे, धूर सरळ कड्याला लागून वर जातो. माशा उठल्या तर तोंड-डोकं कपड्यानं झाकून लांब पळायचं. पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

पोहण्याचं माझं मत स्पष्ट आहे: थंडीत डोहात उतरू नका. गार पाण्यात पडल्या पडल्या श्वास एकदम आत ओढला जातो, तो आपल्या हातात नसतो, आणि त्या एका श्वासात पाणी नाकातोंडात जातं. पट्टीचे पोहणारेही यात गेले आहेत.

साडेतीनला परत चढायला लागा, कितीही मजा येत असली तरी.

रात्र

तंबू उजेड असताना लावा. वारा येतो त्याच्या उलट्या बाजूला दार ठेवा. वरची जाळी थोडी उघडी ठेवा. गार लागतं म्हणून सगळं बंद केलं की श्वासाची वाफ कापडावर थिजते आणि पहाटे अंगावर टपटपते.

तंबूत शेगडी, कोळसा, मेणबत्ती काही पेटवायचं नाही. कोळशाच्या वायूला वास नसतो, झोपेत माणूस उठतच नाही. शेकोटी हवी असेल तर मालकाला विचारून, मोकळ्या जागेत, कडब्याच्या गंजीपासून लांब, छोटीशी. झोपताना पाणी ओतून, हातानं चाचपून, गार झाल्याची खात्री करून मगच उठायचं. डिसेंबरमधलं वाळलेलं गवत एका ठिणगीनं शेत खातं.

त्यापेक्षा थर्मॉसमधलं पाणी उकळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरा, मोज्यात घाला आणि पायांशी घ्या. बाटली गळत नाही ना, हे आधी उलटी करून बघा. माझी आजी वाकळीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून ठेवायची, तीच युक्ती. लघवीला लागली तर लगेच उठून जा, दाबून ठेवली की झोप जाते.

आता महत्त्वाचं. रात्री एकमेकांकडं लक्ष ठेवा. "आपल्याकडं कुठं बर्फ पडतो?" असं म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण ओले कपडे, वारा आणि १० अंश एवढंही अंग गार पाडायला पुरतं. आधी थरथर, मग बोटं ऐकत नाहीत, जीभ अडखळते, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो आणि "मला काही झालं नाही" म्हणतो. तेव्हा त्याचं ऐकायचं नाही. ओलं काढा, कोरडं घाला, डोकं-मान झाका, खाली मॅट दोन पदरी करा, शुद्धीत असेल तर गरम गोड पाणी द्या. हातपाय चोळू नका, शेकोटीच्या अगदी पुढ्यात बसवू नका. थरथर थांबली पण माणूस गुंगीत गेला, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका. तोंडावाटे काही न देता आडवं ठेवा आणि लगेच १०८ किंवा ११२ ला फोन करा. घळीत रेंज मिळत नाही, वर शेतात मिळते. वर झोपण्याचं हे आणखी एक कारण.

घरी कुणाला तरी गावाचं नाव, शेतमालकाचा नंबर आणि परतायची वेळ लिहून द्या. लिहून, नुसतं सांगून नाही.

सकाळ आणि परतीचा रस्ता

घाई करू नका. सातला ऊन येईल, तंबू त्यात अर्धा तास वाळू द्या. तोवर कड्यावर, कडेपासून लांब बसून चहा घ्या. घळ धुक्यानं काठोकाठ भरलेली दिसते, एखाद्या परातीत दूध ओतावं तशी, आणि मग ऊन चढेल तसं ते विरत जातं आणि खालचा डोह दिसायला लागतो. हातात वेळ असेल तर परतताना घटप्रभेवरच्या धुपदाळच्या बंधाऱ्यावर थांबा. हिवाळ्यात तिथं कांड्या करकोच्यांचे थवे उतरतात.

रस्त्याचं एक बजावून ठेवतो. या दिवसांत उसाचा हंगाम ऐन भरात असतो. गोकाक, हुक्केरी, संकेश्वर भागात ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं दिवा नाही, ऊस बाहेर आलेला. अंधारात त्या अगदी जवळ गेल्यावर दिसतात. रात्र जागून काढलेली असताना दुचाकीवरून पहाटे निघू नका. नाश्ता करा, ऊन वर येऊ द्या, मग निघा.

घरी पोचल्यावर तंबू आणि वाकळ गच्चीवर दोरीवर टाका, त्याच दिवशी. ओला तंबू गुंडाळून ठेवला की आठ दिवसांत बुरशी धरते, आणि पुढच्या वेळी दाराची चेन उघडताच तो कुबट वास येतो. बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा, चुलीजवळ नको, सोल सुटतो.